पार्लर येतं, आता शिकवायचंय: खेड्यातून कॉस्मेटॉलॉजीची निदेशक होण्याची वाट

गावात पार्लर चालतंय, लगनसराईत जेवायला उसंत नाही, आणि आजूबाजूच्या चार-सहा पोरी "ताई, आमाले बी शिकव ना" म्हणत दारात उभ्या आहेत. अशा वेळी मनात येतं की आता रीतसर शिकवणारीच व्हावं. हा लेख त्यासाठीच आहे. ज्यांना पार्लरचं काम येतं पण कागद नाहीत त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी दहावीनंतर नुकतंच या धंद्यात पाऊल टाकलंय त्यांच्यासाठीही.

एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाका. अमेरिकेत राज्याचं बोर्ड ब्युटीशियनला लायसन्स देतं आणि शिकवायला बहुतेक ठिकाणी वेगळं लायसन्स लागतं. भारतात तशी पद्धत नाही. त्यामुळे कोणी "इन्स्ट्रक्टरचं लायसन्स काढून देतो" म्हणत पैसे मागत असेल, तर चहा पिऊन परत या. आपल्याकडे चालतं ते प्रमाणपत्र. कुठल्या ठिकाणी शिकवायचं त्यावर कुठलं प्रमाणपत्र ते ठरतं. बहुतेकींची दोन-तीन वर्षं वाया जातात ती इथेच. आधी महागडा "इंटरनॅशनल डिप्लोमा" करतात आणि मग विचारतात, की यावर आयटीआयत लागता येतं का. नाही येत.

१. आधी दार ठरवा

शिकवायला जाण्याची मुख्य दारं तीन.

पहिलं दार आयटीआयचं. सरकारी असो की खासगी, तिथल्या शिक्षकाला शिल्प निदेशक म्हणतात. कॉस्मेटॉलॉजी हा आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड आहे आणि त्याच्या छापील अभ्यासक्रमातच निदेशकाची पात्रता दिलेली असते. पदवी असेल तर १ वर्षाचा अनुभव, किमान २ वर्षांची पदविका असेल तर २ वर्षांचा, आणि आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे एनटीसी, किंवा अप्रेंटिसशिपचं म्हणजे एनएसी असेल तर ३ वर्षांचा. याशिवाय निदेशकाचं राष्ट्रीय प्रमाणपत्र, म्हणजे एनसीआयसी लागतं. दोन निदेशकांच्या जागा असतील तर एक पदवी-पदविकावाली आणि एक एनटीसी-एनएसीवाली घेतात. एनसीआयसी दोघींनाही हवं. म्हणजे पदवी नाही म्हणून खचायचं कारण नाही, एक खुर्ची तुमच्यासारखीसाठीच राखलेली आहे.

दुसरं दार अल्पमुदतीच्या कौशल्य केंद्रांचं. पंतप्रधान कौशल्य विकास योजना, जन शिक्षण संस्थान, आणि बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी. इथे टीओटी, म्हणजे प्रशिक्षकाचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र विचारतात. आरसेटी साधारण जिल्ह्याला एक असते आणि तिथे ब्युटी पार्लरचा महिन्याभराचा निवासी कोर्स चालतो. खेड्यातल्या बाईला सगळ्यात जवळचं दार हेच.

तिसरं दार स्वतःच्या क्लासचं. त्याला निदेशकाचा कागद लागत नाही, पण तुम्ही दिलेल्या प्रमाणपत्राला तुमच्या सहीपलीकडे किंमतही नसते. मान्यता हवी असेल तर महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाची संलग्नता घ्यावी लागते. तो संस्था काढण्याचा विषय आहे, इथे बाजूला ठेवू.

पहिल्या दाराला वेळ जास्त लागतो, पण त्याचा कागद दुसऱ्या दारातही उपयोगी पडतो. उलटं होत नाही. म्हणून घरून एक वर्ष आयटीआय आणि एक वर्ष निदेशक प्रशिक्षण जमणार असेल तर पहिलंच धरा. लेकरं लहान आहेत, बाहेर राहणं शक्य नाही, तर सरळ पाचव्या पायरीवर जा. मधल्या कागदपत्रांच्या पायरीला मात्र टांग मारू नका.

२. नावाचा घोळ निस्तरा

हे काम फॉर्म निघायच्या आधी करायचं. दहावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, बँकेत तिसरंच. ऑनलाइन अर्जात आधार आणि गुणपत्रिकेचं नाव जुळलं नाही की अर्ज अडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे अडत नाही आणि दोन वर्षांनी निदेशकाच्या प्रमाणपत्रावर वेगळंच नाव छापून येतं. ते दुरुस्त करायला मग सहा-सहा महिने पत्रव्यवहार.

क्रम असा ठेवा. आधी विवाह नोंदणीचा दाखला. खेड्यात तो ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे मिळतो. लग्नाची पत्रिका, दोघांचे पुरावे आणि साक्षीदार लागतात. मग त्यावरून महाराष्ट्र शासन राजपत्रात नावातला बदल प्रसिद्ध करून घ्या. राजपत्राच्या त्या पानाची प्रत म्हणजे तुमच्या दोन नावांमधला पूल. ती प्रत्येक अर्जासोबत जोडायची. मार्कशीट बदलायच्या भानगडीत पडू नका.

दुसरा उपाय त्याहून सोपा: शिक्षणाचे सगळे पुढचे कागद दहावीच्या नावानेच चालू ठेवायचे आणि आधारही त्याच नावाचं ठेवायचं. लग्न नुकतंच झालं असेल आणि आधार बदललं नसेल, तर बदलायची घाई करू नका.

बाकीची फाइल अशी:

– दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, टीसी
– आधार, आणि आधारला जोडलेलं बँक खातं (शिष्यवृत्ती थेट तिथेच येते)
– अधिवास प्रमाणपत्र
– लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर
– उत्पन्नाचा दाखला
– शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र
– आधारशी जोडलेला आणि तुमच्याच हातात असलेला मोबाइल नंबर

शेवटची ओळ किरकोळ वाटते, पण ओटीपी नवऱ्याच्या फोनवर आणि नवरा वावरात, अशा स्थितीत शेवटच्या दिवशी अर्ज राहिलेल्या बाया कमी नाहीत. प्रतिज्ञापत्राबद्दलही लक्षात असू द्या: सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावर महाराष्ट्रात १ जुलै २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. तहसीलबाहेरचा माणूस स्टॅम्पपेपर घ्याच म्हणाला तर त्याला ही तारीख सांगा.

जात वैधतेला वेळ लागतो. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळच्या आदिवासी पट्ट्यातल्या मुलींनी तर दहावीच्या वर्षातच तो अर्ज टाकून ठेवावा.

३. आयटीआयचं वर्ष

दहावी पास एवढीच अट. वय किमान १४. वरची मर्यादा नाही. पस्तिशीतल्या बाईने सोळा वर्षांच्या पोरींशेजारी बसायला लाजू नये. हात आधीच तयार असल्याने वर्गात तीच पुढे असते.

प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या राज्यव्यापी ऑनलाइन प्रक्रियेतून होतात. दहावीच्या निकालाच्या आसपास अर्ज सुरू होतात. अर्ज भरणं म्हणजे अर्ज झाला असं नाही. जवळच्या सरकारी आयटीआयत मूळ कागद दाखवून तो निश्चित करावा लागतो आणि त्यानंतर विकल्प, म्हणजे पसंतीक्रम, वेगळा भरावा लागतो. इथली चूक महागात पडते: पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला आणि तुम्ही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच आयटीआय टाका जिथे रोज जाता येईल किंवा राहता येईल. नागपूर आणि अमरावतीला महिलांची स्वतंत्र सरकारी आयटीआय आहेत; तिथून सुरुवात करून मग आपल्या तालुक्याकडे या. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे रोजचं चाळीस-पन्नास किलोमीटर येणं-जाणं आता आवाक्यात आहे. सकाळची गाडी वेळेवर येते का, हे मात्र प्रवेशाआधी आठवडाभर थांब्यावर जाऊन पाहा.

खासगी आयटीआय घेताना पाटी पाहून फसू नका. संस्थेला मान्यता असून उपयोग नाही, कॉस्मेटॉलॉजी या ट्रेडला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची, म्हणजे डीजीटीची संलग्नता हवी. संस्थेचा एमआयएस कोड, म्हणजे डीजीटीच्या नोंदीतला तिचा क्रमांक, मागा आणि डीजीटीच्या पोर्टलवर त्याखाली हा ट्रेड दिसतो का ते स्वतः बघा. कोड द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा.

वर्षभरात १२०० तास: ८४० प्रात्यक्षिक, २४० सिद्धांत, १२० रोजगार कौशल्य. वर १५० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी किंवा प्रकल्पात. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि विदर्भात हजेरी जाते ती दोनदाच: कापूस वेचणीत आणि लगनसराईत. दिवाळीनंतर वेचणी आणि मार्चपासून लग्नं. वर्षाच्या सुरुवातीलाच घरी बोलून ठेवा. प्रात्यक्षिकात पास व्हायला ६० टक्के, बाकी विषयांत ३३. ग्रेस मार्क मिळत नाहीत. पार्लरवाल्या बाया प्रात्यक्षिकात सहज निघतात आणि त्वचेचे थर, केसांचं चक्र, रसायनं या लेखी भागात अडकतात.

४. सीआयटीएस: निदेशकाचं वर्ष

सीआयटीएस म्हणजे निदेशक घडवणारा एक वर्षाचा कोर्स. तो पूर्ण केल्यावर एनसीआयसी मिळतं. प्रवेशासाठी एआयसीईटी ही देशपातळीवरची सामायिक परीक्षा असते. उन्हाळ्यापासूनच डीजीटीच्या सूचनांवर नजर ठेवा. अर्जाची खिडकी लहान असते आणि गावात बातमी पोचेपर्यंत ती बंद झालेली असते.

तयारीसाठी क्लास लावायची गरज नाही. चेन्नईची निमी ही संस्था आयटीआयची पुस्तकं काढते. ती, आणि भारत स्किल्स पोर्टलवरच्या प्रश्नपेढ्या फुकट वाचायला मिळतात. अडचण भाषेची. आपण मराठीत शिकतो, पण पुढची पुस्तकं आणि प्रश्न हिंदी-इंग्रजीचे. म्हणून एक वही करा आणि तीन रकाने पाडा. "बाह्यत्वचा, बाहरी त्वचा, एपिडर्मिस." "केसांचा वाढीचा काळ, वृद्धि अवस्था, ॲनाजेन." रोज दहा शब्द. तीन महिन्यांत प्रश्न वाचून घाबरायचं थांबतं.

कोर्स राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये आणि काही मान्य केंद्रांत चालतो. मुंबईत महिलांसाठी अशी स्वतंत्र संस्था आहे. त्या वर्षी कॉस्मेटॉलॉजीच्या जागा कुठे आहेत ते समुपदेशनाच्या, म्हणजे जागावाटपाच्या यादीत पाहूनच पसंती भरा, आणि वसतिगृहाची चौकशी पसंती भरण्याआधी फोन करून करा. जागा मुंबईत मिळाली आणि वसतिगृह भरलेलं, तर भाड्याचा बोजा घरच्यांना पेलत नाही आणि प्रवेश सुटतो.

इथे दोन भाग शिकवतात: ट्रेडचं तंत्र आणि प्रशिक्षणाची पद्धत. पहिला तुम्हाला येतो. दुसऱ्यात पाठ टाचण (पाठ कसा घ्यायचा त्याचा लेखी आराखडा), प्रात्यक्षिकाची आखणी, प्रश्न काढणं, गुण देणं, वर्ग सांभाळणं येतं. ट्रेडचं प्रात्यक्षिक आणि शिकवण्याचं प्रात्यक्षिक दोन्हींत ६० टक्के लागतात, लेखी विषयांत ४०. उत्तम हात असलेल्या बाया नापास होतात त्या शिकवण्याच्या प्रात्यक्षिकात. फळ्याकडे तोंड करून बोलणं, टाचणात एक आणि वर्गात दुसरंच, वेळ संपली तरी पाठ अर्धा.

५. टीओटी: जवळची वाट

सौंदर्य आणि निरामयता क्षेत्राची स्वतंत्र कौशल्य परिषद आहे. असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट, ब्युटी थेरपिस्ट, हेअर स्टायलिस्ट अशी तिची वेगवेगळी कामं ठरलेली आहेत आणि प्रशिक्षक व्हायचं ते एखाद्या कामाची. सगळ्यांची एकदम नाही. खेड्यात शिकवायचं तर असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट निवडा, बॅच त्याच्याच निघतात.

स्किल इंडिया डिजिटल हबवर नोंदणी करायची, त्या कामासाठी मागितलेलं शिक्षण आणि अनुभव दाखवायचा, प्रशिक्षणाला बसायचं, मग मूल्यांकन. ते दोन अंगांनी होतं, विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याची हातोटी. यशस्वी ठरायला ८० टक्के लागतात. आयटीआयच्या ६० वर ज्यांची सवय बसली आहे त्यांना हा आकडा जड जातो. प्रमाणपत्रावर मुदत छापलेली असते. संपायच्या आधी नूतनीकरण केलं नाही तर चालू बॅचमधूनही नाव निघतं.

आरसेटीची वाट थोडी वेगळी. तिथे प्रशिक्षकांचं प्रमाणन राष्ट्रीय रुडसेटी अकादमीमार्फत होतं. आपल्या जिल्ह्याच्या आरसेटीत जाऊन संचालकांना भेटा, बायोडाटा द्या आणि बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकांच्या यादीत नाव घालायला सांगा. पार्लरची बॅच निघाली की पहिला फोन त्या यादीतल्या बाईला जातो.

६. अनुभव मोजता आला पाहिजे

"दहा वर्षं झाली पार्लरला" हे गावाला ठाऊक असतं, निवड समितीला नाही. प्रमाणपत्रानंतरचाच अनुभव धरतील असं समजून चाला. पार्लर स्वतःचं असेल तर उद्यम नोंदणी करा. ती फुकट आहे, पैसे मागणाऱ्या वेबसाइट खोट्या. दुकान कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीऐवजी नुसती सूचना ऑनलाइन द्यायची असते. तिची पावती जपून ठेवा. या दोन कागदांवरची तारीख म्हणजे तुमच्या अनुभवाची जन्मतारीख.

दुसऱ्याच्या पार्लरमध्ये काम असेल तर अनुभवपत्रावर पार्लरचा नोंदणी क्रमांक, रुजू तारीख, सोडल्याची तारीख आणि कामाचं स्वरूप हवं. "सदर बाई आमच्याकडे काम करीत होत्या" एवढ्यावर भागत नाही. पगार खात्यात घ्या, थोडा असला तरी.

७. हात शिकवायला शिका

स्वतः भुवया करणं वेगळं आणि वीस पोरींच्या हाताला ते शिकवणं वेगळं. तुमची बोटं आपोआप चालतात, आणि म्हणूनच ती काय करतात ते तुम्हाला सांगता येत नाही. थ्रेडिंगचाच पाठ घेऊ.

टाचणात उद्दिष्ट असं लिहा: "विद्यार्थिनी सुती दोऱ्याने भुवईच्या खालच्या कडेचे केस त्वचेला इजा न करता काढून दाखवील." "विद्यार्थिनीला थ्रेडिंग समजेल" असं नको, कारण समजलं की नाही ते मोजता येत नाही. परीक्षक सगळ्यात आधी हेच वाक्य वाचतात.

साहित्य: ४० नंबरचा सुती दोरा, कापूस, अँटिसेप्टिक, पावडर, भुवईचा ब्रश, छोटी कात्री, कोरफडीचा जेल, आरसा, कचऱ्याची झाकणाची डबी.

आधी आकार. पेन्सिल नाकपुडीच्या कडेला उभी धरा: जिथे भुवईला लागते तिथे सुरुवात. तीच पेन्सिल नाकपुडीवरून बुबुळाच्या बाहेरच्या कडेकडे तिरकी करा: तिथे कमान. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे नेली की शेवट. हे तीन ठिपके काढल्याशिवाय कुणाच्या हातात दोरा देऊ नका. डोळ्याच्या अंदाजाने करणारी मुलगी दोन भुवया कधीच सारख्या करत नाही.

मग दोरा. साधारण दोन फूट घ्या, मध्यभागी पाच-सहा पीळ द्या. एक टोक दातात धरायची जुनी पद्धत आहे, पण वर्गात गळ्यात अडकवायची शिकवा; तोंडातला दोरा दुसऱ्याच्या डोळ्याजवळ नको. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा दोरा. पीळ त्वचेला टेकलेला, पण दाबलेला नाही. बोटं उघडली की पीळ पुढे सरकतो आणि केस उपटतो. ओढ केसांच्या वाढीच्या उलट दिशेने.

दाखवताना चार फेऱ्या करा. पहिली नेहमीच्या वेगाने, तोंड बंद ठेवून. दुसरी संथ, एकेका हालचालीला थांबून, बोलत. तिसरीत विद्यार्थिनीने पुढची पायरी सांगायची आणि तुम्ही करायची. चौथीत तिने बोलतही आणि करतही. बहुतेक नव्या निदेशिका दुसरीवरून थेट चौथीवर उडी मारतात आणि मग एखाद्या मुलीची पापणी लाल होते. तिसरी फेरी सोडू नका. कुठली पायरी डोक्यात गेली नाही ते तिथेच उघडं पडतं.

चेहऱ्यावर जायच्या आधी सराव स्वतःच्या पोटरीवर. त्वचा चिमटत असेल तर कारणं बहुधा दोन: बोटं गरजेपेक्षा जास्त उघडतात, किंवा समोरच्या बाईने कातडी ताणून धरलेली नाही. एक हात भुवईच्या वर, एक पापणीवर, असं तिला आधी धरायला लावा. कापलं जात असेल तर दोरा तिरका लागतोय. केस अर्धवट तुटत असतील तर दिशा चुकली. ही चूक-कारणांची जोडी फळ्यावर लिहून ठेवा, मुली स्वतःच एकमेकींना सांगायला लागतात.

आणि वीस जणींना एक भुवई दिसत नाही. सहा-सहांचे गट करा, किंवा मोबाइल स्टँडवर लावून टीव्हीला जोडा.

८. इथलं पाणी, इथलं ऊन

पुस्तकं विदर्भ पाहून लिहिलेली नाहीत, म्हणून ही भर.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात शॅम्पूला फेस येत नाही. मुली मग शॅम्पू दुप्पट घालतात आणि केस चिकट राहतात. शॅम्पू वाढवू नका. आधी केस भरपूर ओले करा, शॅम्पू वाटीभर गोड्या पाण्यात मिसळून लावा आणि शेवटचं धुणं आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करा. फेशियल स्टीमरमध्ये तर बोअरचं पाणी अजिबात नको. क्षार तापणाऱ्या कॉइलवर बसतात आणि एक दिवस वाफेऐवजी उकळत्या पाण्याचे थेंब तोंडावर उडतात. डिस्टिल्ड वॉटर वापरा, स्टीमर आधी भिंतीकडे तोंड करून वाफ नीट येईपर्यंत चालवा, मगच गिऱ्हाइकाकडे वळवा. चेहऱ्यापासून अंतर वीतभरापेक्षा जास्त, साधारण १२ ते १५ इंच.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला की वॅक्स दगा देतं. घामेजल्या कातडीला ते धरत नाही, पट्टी ओढली की चिकटा मागे राहतो आणि मुलगी पुन्हा त्याच जागी लावते. दुसऱ्यांदा ओढल्यावर कातडी सोलते. वर्ग सकाळी घ्या, त्वचा पुसून पावडर लावा, थर पातळ ठेवा. लावायचं केसांच्या दिशेने, ओढायचं उलट आणि त्वचेला समांतर. वर उचलून ओढलं की केस तुटतात आणि रक्त साकळतं. दिवसभर वावरात राबून उन्हाने तापलेल्या, लाल झालेल्या हातांवर वॅक्स त्या दिवशी करायचंच नाही, काकूंनी कितीही आग्रह केला तरी.

केसांच्या रंगात मिसळायचे हायड्रोजन पेरॉक्साइडचे डेव्हलपर टिनाच्या छपराखाली ठेवू नका. उष्णतेने त्यांची ताकद उतरते आणि रंग बसत नाही. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२, हे विद्यार्थिनींकडून पाठ करून घ्या. रंगाची पॅच टेस्ट, म्हणजे थोडा लावून त्रास होतो का ते पाहणं, ४८ तास आधी, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला. "आज लग्न आहे, करून टाका" याला होकार देणारी मुलगी परीक्षेत नापास, असा नियमच करा.

स्वच्छतेत दोन भ्रम खोलवर रुजलेले आहेत. यूव्ही पेटीत ठेवलं म्हणजे निर्जंतुक झालं, हा पहिला. प्रकाश पडतो तेवढाच भाग, आणि तोही आधी धुतलेला असेल तर. धातूची हत्यारं आधी साबणाच्या पाण्याने घासायची, पुसायची, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये १० मिनिटं बुडवायची. दुसरा भ्रम म्हणजे जितकं कडक तितकं चांगलं. फरशी आणि टबासाठी ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १ टक्क्यावर आणायला २०० मिली औषधात ८०० मिली पाणी घालायचं. रोज ताजं, धातूवर नाही. संडास साफ करायच्या ॲसिडसोबत तर कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो.

वीज गेली की वॅक्स हीटर आणि हाय फ्रिक्वेन्सी मशीन बंद. त्या तासाला काय शिकवायचं ते टाचणात आधीच लिहून ठेवा. हाताने मसाजचे प्रकार त्या वेळेला चांगले बसतात.

९. अर्ज आणि नमुना पाठ

सरकारी आयटीआयची कायम भरती संचालनालयाच्या जाहिरातीने निघते आणि ती कधी निघेल त्याच्या भरवशावर बसता येत नाही. तोवर तासिका तत्त्वावरच्या जागा पाहा. सत्र सुरू होताना आयटीआयच्या फलकावर आणि स्थानिक पेपरात त्याची सूचना लागते. फलक स्वतः जाऊन वाचा, आणि ट्रेडच्या गटनिदेशकांना भेटून अर्ज देऊन पोच घ्या.

मुलाखतीत बहुधा दहा-पंधरा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला लावतात. अख्खं फेशियल दाखवायला जाऊ नका. एकच छोटं कौशल्य घ्या: भुवईचे तीन ठिपके, किंवा वॅक्सची पट्टी ओढायचा कोन. टाचणाच्या तीन प्रती, स्वतःचा दोरा, स्वतःचा कापूस, झाकणाची डबी आणि समोर बसायला तयार असलेली एक मैत्रीण सोबत न्या. तिची पॅच टेस्ट दोन दिवस आधी करून तारीख टाचणावर लिहा. पाठ सुरू करण्याआधी हात धुवायला पाणी कुठे आहे ते विचारा, आणि समितीसमोरच धुवा.